आबांचं तेल

मोटारसायकल जुनी आहे हे मला दिसत होतं. किती जुनी, ते विकणाऱ्यानेच सांगितलं. फणसवाडीत तळमजल्यावर राहणारे ते पेन्शनर गृहस्थ. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकत आलेला, म्हणून गाडी काढून टाकायची होती. मीटरवर बोट टेकवून म्हणाले, "हा आकडा बघून खूश होऊ नकोस. मीटर एकदा पुरतं फिरून शून्यावर आलंय आणि परत चालायला लागलंय. मी लपवत नाही." मी म्हटलं, "मग काका, गाडी उरलीय कुठं? नुसतं मीटरच विकताय तुम्ही." ते हसले नाहीत. म्हणाले, "हिला रोज सकाळी विचारावं लागतं, बाई, आज काय दुखतंय. तेवढं जमत असेल तर ने. नाहीतर बसने फिर." मी तेवीस-चोवीसचा होतो, मला सगळं जमतं असं वाटायचं. नेली.

मला गाडी हवीच होती. औषधांच्या एका घाऊक दुकानात मी माल पोचवायचं काम करत होतो. ज्याच्याकडे स्वतःची गाडी तो कायम, बाकीचे उद्या या, परवा या. चौथी शिकलेल्या माणसाला कायम हा शब्द केवढा मोठा असतो ते शिकलेल्यांना कळायचं नाही. गिरगावातून परळला येईपर्यंत गाडी तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा प्लग काढून पुसला, तो कोळशासारखा काळा. चाळीच्या तोंडाशी आलो तेव्हा किका मारून पाय भरून आला होता आणि धूर एवढा, की गॅलरीतल्या बायकांनी वाळत घातलेले कपडे ओढून घेतले. वरून कोणीतरी ओरडलं, "अरे, डास मारायची गाडी आणलीस काय?"

तेव्हा आबा खाली आले. आबा म्हणजे माझा बाप. ते खाली आले ही गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण मिल बंद झाल्यापासून ते जिना उतरतच नव्हते. माझी आई मी लहान असतानाच गेली. घरात आबा, मी आणि सुमन, माझी बायको, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आबांनी सारा जन्म साचेखात्यात तेल घालायचं काम केलं. एवढाल्या मागांच्या रांगा, एका टोकापासून सुरू करायचं, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिला माग सुकलेला असायचा, परत पहिल्यापासून. मिल थांबली तरी पहिल्या पाळीच्या वेळेला ते उठायचे, तोंड धुवायचे, कोरा चहा प्यायचे आणि गॅलरीतल्या बाकड्यावर जाऊन बसायचे. उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायचा, तेलाच्या डब्याचा बुडखा दाबल्यासारखा. सुमन म्हणायची, मामांचा अंगठा अजून कामावर जातो. मी हसायचो. आता माझी बायको गेल्याला आठ महिने झाले, मी सतराव्या मजल्यावर खिडकीशी बसतो, आणि दोन कप काढून ठेवतो चहाचे. हसायचं काही नव्हतं त्यात.

तर आबा खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, चेनला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. म्हणाले, "सुकी हाय. मारली हिला कोणीतरी." आणि वर गेले ते फळीवरचा डबा घेऊनच आले. लांब चोचीचा, पितळेचा, बुडाला दाबला की थेंब टाकणारा. मिलमधून त्यांनी एवढीच एक वस्तू घरी आणली होती. तळमजल्यावरच्या परबकाकू तोपर्यंत लिंबू-मिरची आणि नारळ घेऊन हजर. मालवणच्या बाई, मनाने फार चांगल्या. "चाकाखाली लिंबू ठेव रे झिला, जुनी गाडी असा, कोणाचा काय लागलेला असात," म्हणाल्या. आबा बौद्ध, आणि नुसते नावाचे नव्हते. म्हणाले, "परबबाई, तुमचं लिंबू सरबताला ठेवा. मशीन लिंबावर नाय चालत, तेलावर चालते. मशीन काय, माणूस काय, सुकं ठेवलं की मेलं." काकू फणकारल्या, "तुमका काय सांगून उपयोग नाय," पण नारळ फोडून खोबरं सगळ्यांना वाटलंच त्यांनी. आबांनीही खाल्लं.

त्या दिवसापासून आमच्या घराला परत पहिली पाळी लागली. पहाटे आबा खाली, मागोमाग मी. गाडी टू-स्ट्रोक, पेट्रोलात तेल मिसळून घालावं लागायचं. ते मोजायला मी सुमनचं फुलपात्र पळवलं, त्यावरून आठवडाभर बोलणी खाल्ली. आबांना मात्र त्या गोष्टीचा कोण आनंद. येईल त्याला सांगायचे, "हिला पेट्रोलातूनसुद्धा तेल लागतं, बघा." रविवारी सगळी गाडी उघडायची. कार्बोरेटरची वाटी धुवायची, प्लग घासायचा, पॉइंटला पॉलिश पेपर मारायचा, चेन काढून रॉकेलात बुडवून ठेवायची. वरून सुमन भाकऱ्या थापायची त्याचा आवाज यायचा, सुका जवळा परतल्याचा वास यायचा, आणि खाली आबा मला शिव्या द्यायचे, कारण मी पाना उलटा धरायचो. जुन्या गाडीचं असं असतं, एक दुरुस्त केलं की दुसरं बोलायला लागतं. क्लचची वायर बदलली तर सायलेन्सर सुटला, सायलेन्सर बांधला तर दिवा गेला. मला वैताग यायचा. आबांना नाही. ते भरल्या पोटाच्या माणसासारखे दिसायला लागले होते. सुमनला पाचवा महिना लागला होता. तिला ते म्हणायचे, "पोर मोठं झालं की मीच शिकवीन त्याला, ह्याला काय येतं."

आणि ब्रेक. लिहायचं ते हे आहे, बाकीचं मी उगाच लांबण लावतोय. मागच्या चाकाच्या मधोमध ड्रमवर झाकण असतं, त्यातून एक छोटा दांडा बाहेर येतो. पॅडल दाबलं की तो दांडा फिरतो आणि आतले लायनर ड्रमला घासतात. पुढच्या चाकालाही तसाच. एका सकाळी तो दांडा करकरला. आबांनी डब्याची चोच बरोबर त्याच्या मुळाशी टेकवली. "हितं लोखंडावर लोखंड फिरतंय, हितं कोण तेल घालत नाय, म्हणून गाड्या मरतात." तेल बाहेरच ओघळायला लागलं. म्हणाले, "पॅडल दाब, आत घेईल." मी पॅडल दाबत राहिलो, सोडत राहिलो, ते घालत राहिले. करकर थांबली. मग पुढच्या चाकालाही तसंच केलं. रोज करायला लागलो. साचेखात्यात जे जे फिरतं त्याला तेल लागतं, हे आबांना तीस वर्षं माहीत होतं. एखादी गोष्ट घासण्यासाठीच असते, ती सुकीच राहायला हवी, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही. ब्रेक जरा मऊ लागतोय असं मला दोनदा वाटलं. मला वाटलं, जुनी गाडी.

रविवार होता. सुमनच्या आईने माहीमला जेवायला बोलावलं होतं, पाचव्या महिन्याचं. सुमन हिरवं लुगडं नेसली होती. मागे एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर डबा, एक हात माझ्या खांद्यावर. आबांनी चाळीच्या तोंडापर्यंत येऊन सांगितलं, "सावकाश रे." सावकाशच होतो. हे मी कोणाची शपथ घेऊन सांगू? परळच्या पुलावरून उतरताना पुढे गोण्यांची हातगाडी होती, तिचं चाक अडकलं आणि ती थांबली. मी पॅडल दाबलं. पाय पार खाली गेला आणि काहीच झालं नाही. हातातला दाबला, तसंच. ताकात रवी फिरावी तसं आत काहीतरी नुसतं फिरत होतं. आपटलो ते जोरात नाही. मला साधं खरचटलं. सुमन बाजूला पडली, कठड्याच्या दगडावर. उठून बसली, डबा शोधायला लागली, आणि मग तिने पोट धरलं.

म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. सुमनने नर्सला विचारलं, काय होतं. नर्स म्हणाली, कशाला विचारतेस. एवढंच. आबा धावत आले होते, पायात चप्पल नाही. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. "पोटुशी बायको मागं बसवून वारा पितोस? सावकाश म्हनून सांगितलं होतं का नाय? तुझ्या हातानं घालवलंस पोर." मी मान खाली घातली. मलाही तसंच वाटत होतं. मीच कुठेतरी चुकलो असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ढकलत पुलाखालच्या मिस्त्रीकडे नेली, चाचा म्हणायचे त्याला सगळे. त्याने मागचं चाक काढलं, ड्रम उघडला आणि माझ्याकडे बघत राहिला. आत सगळं चकचकीत, लायनर तेलात भिजून फुगलेले. "ये क्या है रे? ब्रेक है के भजिये का तवा? ब्रेक में तेल कौन डालता है, गधे?" मला आबांचा अंगठा दिसत होता. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःख झालं नाही, बरं वाटलं. मी नव्हतो, तो होता. म्हाताऱ्याला जाऊन तोंडावर सांगणार होतो, त्याच गॅलरीत, सगळ्या चाळीसमोर.

पण आधी हॉस्पिटलात गेलो. सुमन भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिला सांगितलं. म्हाताऱ्याने ब्रेकात तेल घातलं, म्हाताऱ्याने मारलं आपलं पोर. माझा आवाज चढला होता, शेजारच्या खाटेवरची बाई बघायला लागली. सुमन वळली. मग म्हणाली, "मामांना सांगितलंत?"

"जाऊन सांगतो ना आता. मला मारलं त्यांनी, चारचौघांत."

"सांगायचं नाही."

"का नाही? त्यांचं त्यांना कळायला नको?"

"कळलं तर ते हात घेऊन ते कुठं जातील?" ती म्हणाली. "तुम्ही शिव्या खाल, चार दिवसांनी विसराल. ते जगायचे नाहीत. एक गेलं ते पुरे."

"आणि माझं काय? मी जन्मभर पोर मारणारा म्हणून फिरू?"

"मला माहीत आहे ना खरं काय ते. मला माहीत असलं की बास नाही का तुम्हाला?"

नाही बास, असं मी तेव्हा मनात म्हणालो. वचन दिलं, पण तोंड फिरवून दिलं. आणि आता कबूल करतो, तिलाही खरं माहीत नव्हतं. तेल आबांनी घातलं एवढंच मी तिला सांगितलं. पॅडल मी दाबत होतो, आत मुरावं म्हणून, रोज, हे नाही सांगितलं. चाळीस वर्षं संसार केला, एका ताटात जेवलो, नाही सांगितलं. ती मला निर्दोष समजून गेली. आता कोणी उरलं नाही ज्याला हे लागेल, म्हणून लिहितोय.

सुमन घरी आली. घरात तीन माणसं आणि कोणी कोणाशी बोलत नाही. आबा माझ्याशी बोलत नव्हते, मी सुमनशी तोडून बोलत होतो, आणि सुमन कुळथाची पिठी करून सगळ्यांना वाढत होती. परबकाकू भाजी घेऊन यायच्या, डोळ्याला पदर लावायच्या आणि जाताना एकदा तरी म्हणायच्या, "लिंबू ठेवलास असतास तर…" आबा आता त्यांना उलट बोलत नव्हते. ते मला जास्त लागलं. तेलाचा डबा फळीवर गेला होता. "ती गाडी भंगारात घाल," असं ते भिंतीला सांगायचे, मला ऐकू जाईल असं. पण गाडी घालून मी खाणार काय? चाचाकडून नवे लायनर बसवून घेतले, गाडी दोन चाळी सोडून लावायला लागलो आणि कामावर जायला लागलो. आबा बाकड्यावर बसायचे. अंगठासुद्धा हलत नव्हता. जेवणात दोन घासांवर आले. एकदा मी पाहिलं, उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. मला वाटलं, यांना कळलं की काय. नसावं. हात नुसता रिकामा झाला होता.

दीडेक महिना गेला असेल. एका रविवारी सकाळी सुमनने मला सांगितलं, गाडी दाराशी आणा, आईकडे जायचंय. मी म्हटलं, वेड लागलंय का, तू बसणार त्यावर? म्हणाली, आणा. आणली. चाळीतल्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. सुमन फळीवरचा डबा काढून बाकड्याकडे गेली. आबांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, गाडी करकरतेय. ह्यांना काय समजत नाही. जरा तेल द्या."

आबा वर बघेनात. "मला नको सांगू, पोरी. ती अवदसा हाय."

"मी बसणार आहे तिच्यावर. सुक्या गाडीवर बसवताय मला?"

त्यावर ते उठले. भिंत धरत जिना उतरले. त्यांनी चेनला तेल दिलं, स्टँडला दिलं, क्लचच्या वायरीला दिलं. अंगठा परत चालायला लागला. आणि मग चोच मागच्या चाकाच्या त्या दांड्याशी नेली. मी पुढे झालो, तोंडातून शब्द निघणारच होता. सुमनने माझ्याकडे नुसतं पाहिलं. आबांनी तेल घातलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पॅडल दाब." इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मी दाबलं.

पुढच्या चाकालाही तेल देऊन झालं, आणि त्याच गाडीवर, त्याच ब्रेकवर सुमन मागे बसली. मी पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला घासत, लहान पोरासारखी गाडी चालवत नेली. गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, घाबरला बघ. सुमन वळून आबांना हात करत होती. कोपऱ्यावर वळलो, चाळ दिसेनाशी झाली, तशी ती उतरली. मी फुटपाथवर गाडी स्टँडला लावली, एकेक चाक काढलं, ड्रम उघडले. बाटलीतलं बिनतेलाचं पेट्रोल घेऊन लायनर धुवायचे, पुसायचे, पॉलिश पेपरने घासायचे. ती समोर उकिडवी बसली आणि तिने ते झाकण लायनरसकट मांडीवर घेतलं, नेसत्या लुगड्यावर. रुमालाने पुसायला लागली. पुसता पुसता थांबली. रुमालावर तेलाचा डाग होता, चार आण्यांएवढा.

"एवढंसंच?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "एवढंसंच लागतं."

मग ती रडली. हॉस्पिटलात रडली नव्हती, तिच्या आईच्या गळ्यात पडून रडली नव्हती, ती तिथे फुटपाथवर, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांशी रडली. मी पाना हातात धरून बसून राहिलो. मला तेव्हा सांगता आलं असतं, पॅडलचं. नाही सांगितलं.

त्यानंतर आबा सहा वर्षं जगले. सहा वर्षं रोज पहाटे त्यांनी त्या गाडीला तेल घातलं आणि सहा वर्षं रोज कोपऱ्यावर वळून मी ते पुसलं. कोपऱ्यावरचा पानवाला विचारायचा, काय राव, हे काय रोजचं, विकून टाका की. मी म्हणायचो, जुनी गाडी, काय करणार. चाकं काढून परत बसवायला मला सुरुवातीला अर्धा तास लागायचा, नंतर पाणी तापेपर्यंत व्हायचं. आम्हाला परत मूल झालं नाही. डॉक्टर म्हणायचे, दोष कशात नाही. आबा आणि मी बोलायला लागलो होतो, पाना दे, रॉकेल आण, इतपत. त्यापुढे नाही.

शेवटच्या दिवसांत ते त्याच हॉस्पिटलात होते, छातीत कापसाची धूळ भरलेली, गिरणीतल्या सगळ्यांची भरायची तशी. सुमन चमच्याने पेज भरवत होती. त्यांनी चमचा बाजूला केला आणि तिला जवळ बोलावलं. मी पायाशी उभा होतो, मला ऐकू येऊ नये असं त्यांना वाटत असावं, पण दम लागलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही.

"पोरी," म्हणाले, "त्याच्या मागं बसत नको जाऊ. गाडी चांगली हाय, मी बघतो तिच्याकडं. पण ह्यो बरोबर नाय. ब्रेक येळेवर दाबत नाय."

सुमनने त्यांचं तोंड पुसलं. म्हणाली, "नाही बसणार, मामा."

मी त्यांच्या पायांवरची चादर नीट केली आणि खाली जाऊन गाडी बाजूला लावली, ती गेटात आडवी लागली होती.